राष्ट्रीय संस्थेचा डिजिटल मानसिक आरोग्य कार्यक्रम: आधी ॲप की आधी माणसं?

रंकाळा_टॉवर (धागा सुरू करणारा)

देशभर काम असलेल्या संस्था आता डिजिटल मानसिक आरोग्याचे कार्यक्रम काढतायत, आणि त्यातले काही कोल्हापूर-सांगलीपर्यंत पोचतील असं दिसतंय. चांगलंच आहे. पण अशा कार्यक्रमाचा प्रमुख ॲपवाला नको, सेवा चालवलेला माणूस हवा, असं माझं ठाम मत आहे. आणि फोनवर बोलणारी माणसं नेमून, शिकवून तयार होत नाहीत तोवर ॲपचं दार उघडूच नये.

साधा हिशोब मांडतो. एक समुपदेशक, आठ तासांचा दिवस. एक सत्र ४५ मिनिटं, नोंदी करायला १५. कागदावर आठ सत्रं बसतात. प्रत्यक्षात पाच झाली की सहाव्याला समुपदेशक नुसता ‘हं, हं’ करतो. महिन्याचे २२ दिवस धरले तर ११० सत्रं. आठवड्याला एक, म्हणजे माणशी महिन्याला चार. एका समुपदेशकाकडे एका वेळी २७-२८ जण, दहा समुपदेशकांकडे पावणेतीनशे. आता ॲपमध्ये पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली टाका: नऊ प्रश्न, ० ते २७ गुण, १० किंवा जास्त आले तर माणसाने पुढे बघायला हवं. कॉलेजच्या फलकावर क्यूआर कोड लावा. पावणेतीनशे भरायला किती दिवस लागतील? त्यानंतर येणाऱ्याला ॲप काय सांगणार, ‘तुम्हाला नैराश्याची लक्षणं दिसतात, लवकरच संपर्क करू’? यापेक्षा न विचारलेलं बरं.

नववा प्रश्न तर स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. रात्री दीडला कुणी त्यावर ‘जवळजवळ रोज’ निवडलं आणि ती नोंद सकाळी दहाला ऑफिस उघडेपर्यंत एक्सेलमध्ये पडून राहणार असेल, तर तो प्रश्न विचारायचा संस्थेला हक्कच नाही. शून्याखेरीज काहीही उत्तर आलं की त्याच पडद्यावर १४४१६ ला, म्हणजे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, थेट फोन लागेल असं बटण आणि दुसऱ्या दिवशी आपल्या माणसाचा फोन, एवढं तरी हवंच.

शाहूपुरी_डेव्हलपर

ऐकायला बरं वाटतंय, पण पटत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता. उपचाराविना राहिलेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के. तुमचे पावणेतीनशे घेऊन बसलं तर एकट्या करवीर तालुक्याला जन्म जाईल की.

प्रत्येकाला ४५ मिनिटांचं सत्र लागत नाही, हे तुम्ही हिशोबातून गाळलंय. इंटरनेटवरून दिलेल्या सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणूक बदलायला शिकवणाऱ्या उपचाराच्या, अनेक चाचण्यांमधली माहिती २०२१ मध्ये एकत्र तपासली गेली. नैराश्य सौम्य असणाऱ्यांना सोबतीला माणूस असला काय नि नसला काय, फारसा फरक पडला नाही. मध्यम आणि तीव्र नैराश्यात मात्र माणूस सोबत असण्याचा फायदा दिसला. म्हणजे सॉफ्टवेअरचं खरं काम गाळणीचं. ५ ते ९ गुणवाल्याला ऑडिओ धडे, दिनक्रमाची वही, दोन आठवड्यांनी पुन्हा तेच नऊ प्रश्न. १० किंवा जास्तवाल्यांना तुमची माणसं. ही गाळणी नसली तर तुमचे दहाही समुपदेशक परीक्षेच्या धास्तीवर बोलण्यात संपतील.

आणि सेवावाला प्रमुख झाला की काय होतं तेही सांगतो. आठवणीचा एसएमएस तो तीन ओळींचा लिहितो. इंग्रजीत एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत ७०, आणि संदेश लांबला की प्रत्येक तुकड्याला ६७ च. त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. तीन ओळी म्हणजे तीन-चार एसएमएसचं बिल. मजकूर आधी डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेत, नोंदवलेला नसेल तर तो जातच नाही, आणि एक शब्द बदलला की नोंदणी पुन्हा. नोटिफिकेशनचंही तसंच. घरात एकच फोन, तो सासूच्या हातात, आणि पडद्यावर झळकतं ‘आज मन कसं आहे?’ झालं, बाई पुन्हा फोनला हात लावत नाही. संदेशाचा मजकूर कुलूपबंद पडद्यावर दिसू नये, पाठवणाऱ्याचं नाव साधं असावं, ट्रूकॉलरवर आपला नंबर कुठल्या नावाने दिसतो ते दर आठवड्याला बघावं, ही कामं ॲपवालाच करतो.

मिसळ_कट_जादा

प्रमुख कोण यावर कुस्ती लागलीय. पगार कोण देणार तेवढं सांगा कुणीतरी.

रंकाळा_टॉवर

@शाहूपुरी_डेव्हलपर एसएमएस आणि ट्रूकॉलरचं मान्य. गाळणीचं अर्धंच मान्य.

कारण गाळणीत लोक थांबतच नाहीत. मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपांचा प्रत्यक्ष वापर मोजणारा अभ्यास २०१९ मध्ये आला. पंधराव्या दिवशी ॲप उघडणारे ३.९ टक्के, तिसाव्या दिवशी ३.३, आणि हा मध्यक आहे, म्हणजे निम्मी ॲपं याहूनही खाली. एक लाख डाउनलोडचा आकडा अहवालात झोकात छापतात, महिन्याअखेर उरतात साधारण ३,३००. दोन आठवड्यांनी पुन्हा नऊ प्रश्न म्हणालात, ते भरायला कोण असणार? आणि जे गळाले ते बरे झाले म्हणून गेले की जास्त बिघडले म्हणून, हे ॲपला कळत नाही. फोन करणाऱ्याला कळतं.

म्हणून डाउनलोड मोजणं प्रमुखाने पहिल्याच दिवशी बंद करावं. मोजायच्या गोष्टी चार: पहिल्या नोंदीपासून पहिल्या बोलण्यापर्यंत किती तास गेले, चौथ्या सत्रापर्यंत किती जण टिकले, गुण किती जणांचे निम्म्यावर आले, आणि नवव्या प्रश्नावर होकार देणाऱ्यांपैकी किती जणांपर्यंत २४ तासांत पोचलो. चौथा आकडा शंभर टक्के नसेल तर उरलेले तीन दाखवूच नका.

चंदगड_फाटा

दोघांचं कोल्हापूर शहरातच, कावळा नाक्यावर संपतंय.

आमच्याकडे चंदगडला ॲपही उघडत नाही आणि ४५ मिनिटं फोनही टिकत नाही. रेंज घराबाहेर, कट्ट्यावर किंवा टेकाडावर. तिथे उभं राहून नवऱ्याच्या दारूबद्दल कोण बोलेल? फोन पुन्हा कुणी करायचा आणि पुन्हा सुरुवात कुठून, हे पहिल्या सत्रातच ठरलेलं असावं. सत्र २० मिनिटांचं ठेवा, आठवड्याला दोन. वेळही दहा ते सहा नको. बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या, गडी माणूस रात्री आठनंतर. ऊसतोडीच्या हंगामात तेही कोलमडतं.

दुसरं म्हणजे नवी चाचणी कशाला? आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक हा आजारांच्या धोक्याचा सरकारी फॉर्म भरतात, त्यात नैराश्याचे पीएचक्यू-२ चे दोन प्रश्न आहेतच. गुण तीनच्या वर गेले की आरोग्यवर्धिनीच्या सीएचओंकडे (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे) पाठवायचं असतं. तुमची संस्था वेगळं ॲप काढून आशाताईंना तिसऱ्यांदा तेच विचारायला लावणार, आणि ताई लोकांच्या घरी सगळ्यांपुढे विचारून ‘नाही’वर खूण करणार. त्यापेक्षा सीएचओच्या हातात एक नंबर द्या: गुण जास्त आलेल्या माणसाला, तो हो म्हणाला तर, आमच्या समुपदेशकाचा फोन दोन दिवसांत.

भाषेचं तर कुणी बोललंच नाही. ‘कामात रस किंवा आनंद वाटत नाही का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘आनंद कसला, काम कुणाला चुकलंय?’ गुण शून्य. तेच ‘आधी जे करायला बरं वाटायचं, भजनाला जाणं, शेजारी बसणं, ते आता नको वाटतं का?’ म्हटलं की बाई बोलती होते. पण फॉर्मवरचा प्रश्न मनाने बदलला तर गुणांना अर्थ राहत नाही, हेही खरं. उपाय एकच: प्रश्न छापील शब्दांत वाचायचा आणि उदाहरणं वेगळी, ठरवून, सगळ्यांनी तीच द्यायची. ‘डिप्रेशन’ कुणी म्हणत नाही. जीव लागत नाही, डोकं जड, छातीत धडधड, कुणीतरी काहीतरी केलंय, असं म्हणतात. शेवटचं ऐकून हसणाऱ्याला समुपदेशक नेमू नका.

गूळ_मार्केट_हिशोबनीस

@मिसळ_कट_जादा पगाराचं सांगतो. ॲप देणगीदाराला आवडतं, कारण एकदा पैसे दिले की फीत कापता येते. समुपदेशकाचा पगार दरमहा, फोटो काही निघत नाही. म्हणून माणसं कमी पडतात, तत्त्वज्ञान वगैरे नंतरचं.

यात संस्थांचीही चूक असते. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या निधीतला प्रशासकीय खर्च ५० वरून २० टक्क्यांवर आणला, तेव्हापासून पगार म्हटला की हिशोबनीस घाबरतो. पण जे थेट संस्थेच्या उद्दिष्टाचं काम करतात, म्हणजे दवाखान्यातला डॉक्टर किंवा शाळेतला शिक्षक, त्यांचा पगार त्या २० टक्क्यांत धरत नाहीत. समुपदेशकालाही तोच न्याय लागतो, फक्त नेमणूकपत्रात आणि वेळपत्रकात ते काम स्पष्ट लिहिलेलं हवं. सीएसआरमध्येही, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीतही, ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चाला आहे, तुमच्या प्रकल्पातल्या पगाराला नाही. कंपनीचा माणूसच पुष्कळदा उलटं सांगतो. त्याला नियम दाखवा.

अंदाजपत्रकात विसरली जाणारी ओळ म्हणजे देखरेख. सहा-सात समुपदेशकांमागे एक अनुभवी माणूस, आठवड्याला तासभर गटात बसून परवानगीने रेकॉर्ड केलेली सत्रं ऐकणं. ही ओळ कापली की सहा महिन्यांत समुपदेशक सल्ले वाटायला लागतात, ‘सकाळी फिरायला जा, देवाचं नाव घ्या.’

शाहूपुरी_डेव्हलपर

@चंदगड_फाटा सीबॅकचं एकदम पटलं, तिथे मी चुकलो. पण रात्रीचं काय? रात्रपाळीला समुपदेशक किती ठेवणार? रात्री पहिलं बोलणं चॅटबॉटने घ्यावं, धोका दिसला की १४४१६. तिथे चोवीस तास माणूस आहे.

कायदा_आणि_कोरा_कागद

चॅटबॉट म्हणालात म्हणून. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणारी नीडा ही राष्ट्रीय ना-नफा संस्था आहे. २०२३ मध्ये तिने हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं आणि टेसा नावाचा बॉट पुढे केला. तो बॉट अशा रुग्णांना वजन कमी करायचे उपाय सांगू लागला, तेव्हा तोही काढावा लागला. मूळ बॉट ठरलेली वाक्यंच बोलणारा होता. पुरवठादार कंपनीने मागून त्याला जनरेटिव्ह, म्हणजे स्वतः उत्तरं रचणारं, एआय जोडलं होतं. म्हणून करारात एक कलम हवंच: आमच्या वैद्यकीय प्रमुखाच्या लेखी संमतीशिवाय एकही बदल चालू होणार नाही. बॉट ठेवायचाच तर वेळ घेणं, आठवण करणं, ऑडिओ शोधून देणं, इतकंच.

माहितीचं प्रकरण याहून जड. क्रायसिस टेक्स्ट लाइन ही तिकडचीच ना-नफा सेवा. ती नावं काढलेले संवाद स्वतःच्याच नफ्यातल्या भावंड कंपनीला देत होती, हे जानेवारी २०२२ मध्ये बाहेर आलं आणि काही दिवसांत ते थांबवावं लागलं. नावं काढली होती, नियमांत संमती होती, तरी लोकांना फसवल्यासारखं वाटलं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयता हा हक्क आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत ढिलाई केली तर दंड २५० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. आत्ता बांधणाऱ्याने त्याच हिशोबाने बांधावं.

खरी गोची १८ च्या आतल्यांची. त्या वयात पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि अकरावीतल्या मुलीचा त्रासच घरातला असला तर? नियमांत आरोग्यसेवा देणाऱ्यांना सूट आहे, पण ती आरोग्यरक्षणाला लागेल तेवढीच. ॲपने तिच्या वापरावर पाळत ठेवून आलेख काढावेत, हे त्यात बसवू नये. माझ्या मते दारं दोन ठेवावीत. एक बिनानोंदणीचं: नाव नको, नंबर नको, फक्त माहिती, ऑडिओ आणि १४४१६. दुसरं समुपदेशनाचं, रीतसर संमतीचं.

रंकाळा_टॉवर

दोन दारांना माझाही होकार. पण दुसऱ्या दारावर पहिल्याच फोनला तालुका, गाव, वाडी आणि ‘अडचण आली तर कुणाला कळवू?’ हे विचारून ठेवायला हवं. माणूस शांत असताना. संकटात विचारलं तर तो फोन ठेवतो, आणि १०८ ला पत्ता काय सांगणार, ‘खालची वाडी’? तशा वाड्या ढिगाने आहेत. धोका असेल तर त्याच माणसाकडून घरातली शेतीची औषधं कुलपात किंवा शेजारी हलवायची. हे काम कुठलंही ॲप करत नाही.

आणि पुराचा विचार करा. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोळला रस्ते पाण्याखाली होते. अशा वेळी वीज जाते, मागोमाग टॉवर. चालू प्रकरणांची यादी कागदावर, कुलपात, पावसाळ्याआधी अद्ययावत हवी. कोणत्या निवारा केंद्रात कोण जाऊन भेटणार हेही जूनमध्येच ठरलेलं हवं.

शाहूपुरी_डेव्हलपर

यादी कागदावर! आत्ताच वर गोपनीयतेवर एवढं बोलणं झालं. पुरात कपाट वाहून गेलं तर २५० कोटी कोण भरणार? कूटबद्ध फाइल तीन फोनवर ठेवा, नेट नसताना उघडेल अशी.

रंकाळा_टॉवर

तिन्ही फोनची बॅटरी उतरली की?

शाहूपुरी_डेव्हलपर

पॉवर बँक नावाची वस्तू असते.

चंदगड_फाटा

तुमचं चालू द्या. कुठे पाठवायचं त्याची यादी जो कोण करेल त्याला निरोप: गंभीर आजारी माणसाला आमच्याकडून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्यायचं तर शंभर किलोमीटरच्या वर जातं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय घाट उतरून त्याच्याही पुढे. बेळगाव निम्म्याहून जवळ, माणसं जातात तिथेच. पण मुंबईत बसून केलेली यादी राज्याच्या हद्दीला थांबते. त्यात आधी बेळगाव टाका, आणि तिथल्या ओपीडीचे वार फोन करून विचारून लिहा.