दवबिंदूच्या पानांवरचे थेंब आटले, कडा काळ्या पडल्या. खत कमी पडतंय का?

गच्ची_जुळे_सोलापूर:
ड्रोसेरा बर्मानी जातीचा दवबिंदू आहे, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणारं झाड. चार इंची मातीची कुंडी, अर्धं कोकोपीट, अर्धं गांडूळखत. बोअरचं पाणी दिवसाआड वरून घालतो. गच्ची दक्षिणेकडे, ऊन दिवसभर. तीन आठवड्यांत थेंब नाहीसे झाले, खालची पानं काळी पडली, कुंडीच्या काठावर पांढरी पुटं आली. रोज एक मुंगी पानावर ठेवतो. काय चुकतंय?

पाणथळ:
खत कमी नाही, खतानेच झाड जळतंय. दवबिंदू निकस, आंबट, सतत ओल्या जागेत वाढतो. मातीतून नत्र मिळत नाही म्हणून तर तो किडे पकडतो. त्याच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. ती पांढरी पुटं बोअरच्या पाण्यातल्या क्षारांची, आपल्याकडे कूलरच्या गवतावर बसतात तीच. मातीची कुंडी क्षार शोषून धरते आणि परत सोडत राहते, त्यामुळे तीही बाद.

आजच बदला. स्फॅग्नम पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज खडे) समप्रमाणात घ्या. बिनखताचं पीट घ्या, पुष्कळ पाकिटांत खत आधीच मिसळलेलं असतं. परलाइटऐवजी धुतलेली सिलिका वाळू चालेल, बांधकामाची नको. शंका असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला की तीत चुना आहे, टाकून द्या. प्लास्टिकची कुंडी, तळाला भोकं. मुळं थोडी आणि नाजूक असतात, झाड ओढू नका. गोळ्यासकट उचला, शुद्ध पाण्यात बुडवून जुनं मिश्रण सुटू द्या, मग लावा. आठवडाभर सावलीत.

काळ्या पानांची काळजी नको, ती परत हिरवी होत नाहीत. भिंगातून मधला कोंब पाहा. तिथे बारीक लालसर केसांची गुंडाळलेली पानं दिसली तर झाड वाचतंय.

टीडीएस_पन्नास:
पाण्याबद्दल. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ५० पीपीएमच्या आत हवा. घरच्या आरओवर विसंबू नका, बहुतेक यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळतात. नळाखाली मीटर धरून आकडा बघा. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम, पहिली सर सोडून प्लास्टिकच्या टपात धरा, सिमेंटच्या टाकीत नको. नाहीतर बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी. बाटलीवरचं नीट वाचा, तिथे ॲसिडही विकतात.

वरून ओतू नका. ताटलीत एक ते दीड सेंटिमीटर पाणी ठेवा, त्यात कुंडी. उन्हाळ्यात पाणी उडून क्षार मागे राहतात, म्हणून महिन्यातून एकदा वरून भरपूर शुद्ध पाणी घालून कुंडी धुवा आणि ते निथळलेलं पाणी फेकून द्या.

गच्ची_जुळे_सोलापूर:
मिश्रण बदलतो. पण थेंब कशाने आटले? पाणी फवारू का?

पाणथळ:
फवारू नका, पानावरचा चिकट रस धुऊन जातो. थेंब आटण्याची कारणं तीन: बिघडलेली मुळं, कोरडी हवा, कमी उजेड. तुमच्याकडे पहिली दोन आहेत.

मार्च ते मे सोलापुरात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा सकाळी दहापर्यंतचं ऊन पुरे, पुढे ५० टक्के हिरवी जाळी. कुंडी मोठ्या कुंडीत बसवा, म्हणजे मुळं तापणार नाहीत. आर्द्रतेसाठी उन्हात प्लास्टिकची पिशवी झाकू नका, आत झाड शिजतं. जून-जुलैत हवा दमट झाली की थेंब आपोआप परततात.

मुंगी रोज नको. झाड सावरेपर्यंत काहीच नको, नंतर दहा-पंधरा दिवसांनी एका पानावर डासाएवढा किडा. मोठा किडा पचण्याआधीच सडतो आणि पान सोबत नेतो. बर्मानीच्या पानाच्या कडेचे केस काही सेकंदांत आत वळतात. किडा मध्यभागी ओढला गेला की समजा झाड तगडं आहे.

कोवळं_पान:
बी धरायला विसरू नका. बर्मानी बहुधा वर्षभरच जगतो. फुलांचा दांडा वाळला की काळी, धुळीसारखी बी कागदावर झटका. ओल्या पीटवर नुसती भुरभुरवा, वर माती टाकू नका, तिला उजेड लागतो. साधारण दोन ते चार आठवड्यांत उगवते.

आणि कासच्या पठारावरचा गवती दवबिंदू उपटून आणू नका. तो पावसाळी आहे, पाऊस सरला की वाळतो. तिथली बी तिथेच पडू द्या.