सोसायटी वाचनकट्टा ग्रुप : रविवारच्या व्याख्यानावरून

नाना (बी-३०४): डॉक्टर, काल तुम्ही छान बोललात, पण एक वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. "अमेरिकेचे संस्थापक एकदिलाने उभे राहिले म्हणून प्रजासत्ताक टिकलं." पुढच्या रांगेत मुलं बसली होती हो. वॉशिंग्टनच्या पहिल्याच मंत्रिमंडळात परराष्ट्र खातं सांभाळणारा जेफरसन आणि अर्थखातं सांभाळणारा हॅमिल्टन एकमेकांची मुळं खणत होते. १७९२ मध्ये वॉशिंग्टनने दोघांनाही पत्र लिहून समजावलं. उपयोग शून्य.

डॉक्टर (सी-१०१): नमस्कार नाना. पाऊण तासात किती बसवणार? लॉक, माँटेस्क्यू हे युरोपातले विचारवंत सगळेच संस्थापक वाचत होते, वैचारिक पाया एक होता, एवढंच म्हणायचं होतं. आणि हे काल तिथेच विचारता आलं असतं.

नाना (बी-३०४): प्रश्न विचारायला उठलो तोवर चहा आला.

खजिनदार (ए-१०४): चहाचं बिल अजून कोणी दिलेलं नाही. कृपया आज द्यावं.

ए-७०३: "सर्व माणसं समान जन्मतात" असं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. आधी यावर बोला.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, हा ग्रुप वाचनासाठी आहे, शब्द जपून वापरावेत. डी विंगचं पाणी ११ ते १ बंद.

नाना (बी-३०४): डॉक्टर, वाचत होते सगळे, पण घेतलं आपापल्या वकुबाप्रमाणे. जेफरसनच्या खोलीत बेकन, न्यूटन आणि लॉक यांची चित्रं होती. हॅमिल्टनने विचारलं, हे कोण? जेफरसन म्हणाला, आजवरची तीन सर्वांत थोर माणसं. त्यावर हॅमिल्टन म्हणाला, सर्वांत थोर माणूस ज्युलियस सीझर. आता ही हकीकत जेफरसननेच नंतर पत्रात लिहिलेली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची साक्ष. तेवढं धरूनच वाचायची.

खजिनदार (ए-१०४): हॅमिल्टनला उगाच झोडपू नका. युद्धात राज्यांनी काढलेली कर्जं केंद्राने अंगावर घेतली, १७९१ मध्ये बँक काढली, म्हणून त्या देशाची बाजारात पत उभी राहिली. जेफरसनचं म्हणणं काय, तर राज्यघटनेत बँक कुठे लिहिली आहे! पैसे कोण उभे करणार होतं?

डी-३०२: खजिनदार हॅमिल्टनच्या बाजूने असणार हे पैज लावून सांगितलं असतं 😀 आता मेंटेनन्स वाढणार.

खजिनदार (ए-१०४): तुमचे दोन महिने बाकी आहेत. इथे काढायचं नव्हतं.

डॉक्टर (सी-१०१): १७९० मध्ये जेफरसननेच हॅमिल्टन आणि दक्षिणेतला खासदार मॅडिसन यांना जेवायला बोलावलं. कर्जाचा प्रश्न सुटला, राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी न्यायचं ठरलं. याला एकदिल नाही म्हणायचं तर काय?

नाना (बी-३०४): सौदा म्हणायचं. दक्षिणेला राजधानी, हॅमिल्टनला कर्जाची योजना. दोनच वर्षांनी जेफरसन वॉशिंग्टनला लिहितो की हॅमिल्टनने मला फसवून हत्यार बनवलं.

माई (डी-५०१): आणि पेपरचं सांगा की नाना. जेफरसनने फ्रेनो नावाच्या कवीला आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकार म्हणून घेतलं, आणि त्या गृहस्थाने पेपर काढून हॅमिल्टनला सोलून काढलं. हॅमिल्टनही टोपणनावांनी उत्तरं देत होता.

डी-३०२: आपल्याकडे एकच नोटीस बोर्ड, तोही कुलपात.

सेक्रेटरी: कुलूप सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार आहे. ज्यांना सभेला यायला वेळ नसतो त्यांनी इतिवृत्त वाचावं.

ए-७०३: पुन्हा विचारते. सहाशेहून अधिक माणसं. जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर टीकेचा परिच्छेद होता, तो काँग्रेसने, म्हणजे तिथल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, काढून टाकला. यावर कोणीच का बोलत नाही?

नाना (बी-३०४): बोलतो, थोडं थांबा. आधी मॅडिसनवर लिहू द्या, कारण डॉक्टरांच्या वाक्याला खरं उत्तर त्याने दिलंय. माँटेस्क्यूचं मत होतं की प्रजासत्ताक लहान मुलुखातच टिकतं. राज्यघटनेचे विरोधक तेच पुढे करत होते : तेरा राज्यांचा एवढा पसारा हुकूमशहाच्या हाती जाईल. मॅडिसनने १७८७ च्या नोव्हेंबरात, राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या लेखमालेत, ते पार उलटं केलं. माणसं आहेत तोवर गटतट असणारच, ते मोडायला गेलात तर स्वातंत्र्यच मोडेल. मग मुलूख मोठाच हवा. गट इतके होतील की कोणा एकाला सगळ्यांच्या डोक्यावर बसता येणार नाही. पुढच्या एका लेखात तो म्हणतो, एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेनेच अडवलं पाहिजे. एकदिल होण्यावर त्याचा भरवसाच नव्हता! भांडण धरून चालेल अशी व्यवस्था त्याला हवी होती. ते ८५ लेख 'पब्लियस' या एकाच टोपणनावाने हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी लिहिले, आणि चार वर्षांत त्यातले पहिले दोघे कट्टर विरोधक झाले.

डॉक्टर (सी-१०१): नाना, एवढा मोठा मेसेज मोबाईलवर वाचवत नाही. पुढच्या वेळी तुम्हीच बोला. मी खुर्च्या लावेन.

माई (डी-५०१): डॉक्टर, रागावू नका. तुमच्यामुळेच आज सगळे बोलतायत.

नाना (बी-३०४): भांडणं साधी नव्हती. १७९८ मध्ये, वॉशिंग्टननंतरचा राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स याच्या काळात, सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा कायदा आला. मॅथ्यू लायन नावाचा खासदार आत गेला आणि तुरुंगातूनच पुन्हा निवडून आला. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा आरॉन बर यांना राज्यांच्या निर्वाचकांची प्रत्येकी ७३ मतं, अॅडम्सला ६५. फेब्रुवारी १८०१ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६ वेळा मतदान झालं तेव्हा जेफरसनचं नक्की झालं. हॅमिल्टनने आयुष्यभराच्या वैऱ्याला पाठिंबा दिला, कारण बर त्याला त्याहून घातक वाटत होता. त्याच बरने पुढे १८०४ मध्ये द्वंद्वात त्याला गोळी घातली. पण अॅडम्स हरल्यावर घरी गेला, सैन्य बोलावलं नाही. मुलांना हे सांगायला हवं होतं.

ए-७०३: अॅडम्स ६५, जेफरसन ७३. हे आकडे कुठून आले ते पण सांगा ना सर. राज्यघटनेत दर पाच गुलामांमागे तीन माणसं लोकसंख्येत धरली, आणि लोकसंख्येप्रमाणे राज्याची निर्वाचक-मतं वाढत. गुलामांना मत नाही, पण त्यांच्या डोक्यांवर दक्षिणेला जादा मतं मिळाली. ती वजा केली तर अॅडम्स जिंकला असता, असं बरेच इतिहासकार मांडतात. म्हणजे तुमच्या शांततेने झालेल्या सत्तांतरातही ती सहाशे माणसं मोजलेली आहेत. महात्मा फुले टॉमस पेन या लेखकाला वाचून घडले, तोही याच अमेरिकन क्रांतीतला. पण १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी कोणाला अर्पण केली? संस्थापकांना नाही. गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

नाना (बी-३०४): हे मी कुठल्याच वर्गात असं जोडून शिकवलं नव्हतं. पुढच्या रविवारी तुम्ही बोला.

सेक्रेटरी: एक नियम निदर्शनास आणतो. वक्ता सभासद असावा. ए-७०३ मध्ये भाडेकरू राहतात.

ए-७०३: हो, माहीत आहे. सभेत मत नाही, पार्किंग नाही, आता बोलायचं पण नाही.

माई (डी-५०१): १७७६ च्या मार्चमध्ये अॅबिगेल अॅडम्सने नवऱ्याला, म्हणजे याच जॉन अॅडम्सला, लिहिलं होतं, नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका. त्याने हसण्यावारी नेलं. सेक्रेटरी, वाचनकट्ट्यासाठी असा नियम कुठल्या ठरावात आहे? तारीख टाका.

खजिनदार (ए-१०४): हॉलचं बुकिंग माझ्याकडे आहे. रविवार सकाळी १०.३०, ए-७०३ च्या नावाने टाकतोय.

सेक्रेटरी: ठराव शोधून कळवतो.