पहिली रायफल थेट .३१५? लांब पल्ल्याचा नाद आणि नवख्याचं नुकसान

राजेंद्रनगरकर
इंदूरच्या मराठी मंडळींच्या गटात कालपासून एक मत फिरतंय. "लांब पल्ल्याची नेमबाजी करायची तर पहिली रायफल मोठ्या बोअरचीच घ्या, .३१५ किंवा .३०-०६. .२२ आणि एअर रायफल हा पोरखेळ आहे, त्यात पैसे घालवू नका." खाली अंगठ्यांची रांग लागली. (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, हे आकडे इंचातले.) हे वाचून उद्या एखादं पोर कलेक्टर कचेरीत .३१५ चा अर्ज टाकून मोकळं होईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

.३१५ ही रायफल कसली आहे ते आधी बघा. ईशापूरच्या सरकारी बंदूक कारखान्याची, ब्रिटिश फौजेच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलीच्या घडणीची. .३०३ ही सैन्याची गोळी, ती सामान्य माणसाला बंद, म्हणून ही ८ मिलिमीटरची सोय निघाली. साइट उघड्या, चाप जड. शेताच्या राखणीला उत्तम. पण जिला मॅच ग्रेडची, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची, काडतुसंच मिळत नाहीत, तिच्यावर ३०० मीटरचा ग्रुप, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागल्या ते, मोजून कळणार काय? चूक माणसाची की काडतुसाची, हेच समजत नाही.

दुसरं म्हणजे धक्का. नवखा माणूस दोन-चार गोळ्यांतच घाबरतो आणि गोळी सुटायच्या आधीच डोळा मिटतो. क्लबात आम्ही अशा माणसाला न सांगता मधेच डमी, म्हणजे दारू नसलेलं, काडतूस भरून देतो. चाप दाबला की आवाज होत नाही, पण नळी बोटभर खाली जाते. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते दिसतं, फक्त त्यालाच आत्तापर्यंत माहीत नसतं. ही खोड लागायला एक दुपार पुरते आणि जायला वर्ष.

आणि पोरखेळ म्हणता? ५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. ३०० मीटरच्या टार्गेटवर १०० मिलिमीटरचं. अंतर सहापट, म्हणून पन्नासचं सहापट करा, ६२.४ येतं. अवघड कुठलं ते तुम्हीच ठरवा. पहिली रायफल .२२ बोल्ट अ‍ॅक्शनच, आणि तिच्याही आधी क्लबातली एअर रायफल.

महूचा हवालदार (निवृत्त)
साहेब, कागदावर छान आहे. पण गोळी वर्तुळाच्या रेषेला बाहेरून शिवली तरी वरचा गुण मिळतो, हे सोयीस्कर विसरलात. छोट्या वर्तुळाला त्याचा फायदा जास्त.

आणि मुख्य गोष्ट वारा. महूच्या रेंजवर मे महिन्यात दुपारी झोपून नेम धरा, म्हणजे कळेल. काळी माती तापते, टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखं हलतं, झेंडा डावीकडे आणि मृगजळ उजवीकडे वाहतं. आम्ही एसएलआरवर, म्हणजे फौजेच्या मोठ्या रायफलवर, ३०० मीटर शिकलो. आधी छऱ्याची बंदूक मग .२२ असले लाड कोणी केले नाहीत. तरी नेम चुकला म्हणून बट्टात, म्हणजे टार्गेटखालच्या खड्ड्यात, बसलेला माणूस लाल झेंडी दाखवायचा तेव्हा सगळी पलटण बघायची.

राजेंद्रनगरकर
रेषेचं बरोबर बोललात, तर तोही हिशोब मांडू. १०.४ मध्ये गोळीचे ५.६ मिळवा, १६ झाले. सहापट ९६. तुमच्या १०० मध्ये ७.६२ मिळवा, १०७.६. तरीही पन्नासचाच दहा लहान.

आणि हवालदारसाहेब, तुम्हाला रायफल सरकारची, गोळ्या सरकारच्या, डोक्यावर उस्ताद उभा. इथे प्रश्न आहे तो नोकरी करून, स्वतःच्या खिशातून काडतुसं घेणाऱ्या पोराचा. महाग काडतूस असलं की माणूस मोजून मारतो, आणि मोजून मारणारा शिकत नाही.

महूचा हवालदार (निवृत्त)
बरं, ९६ तर ९६. वर्तुळाचं तुमचं खरं धरतो. वाऱ्याचं सोडणार नाही.

देपालपूरवाला
एवढा काथ्याकूट कशाला? आमच्याकडे शेत आहे, गव्हाची कापणी झाली की चारशे मीटर मोकळं रान. काकांची .३१५ आहे, मी तिथेच शिकलो. ताटाएवढा पत्रा टांगतो, लागला की टण् वाजतो. क्लब, कोच, जॅकेट हे सगळं पैसेवाल्यांचं.

सुदामानगरची वकील
देपालपूरवाले भाऊ, हे जाहीरपणे लिहू नका आणि करूही नका. लायसन काकांचं, गोळी तुम्ही चालवता, तीही रेंजबाहेर, हा सरळ गुन्ह्याचा मामला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर लग्नात हर्ष-फायर, म्हणजे आनंदाचा गोळीबार, करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि पत्र्यामागे काय आहे? मातीचा बांध घातलाय का? साधी .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते. .३१५ त्याहून पुढे. तुमच्या रानापलीकडे वस्ती आहे की नाही?

देपालपूरवाला
ताई, वस्ती ओढ्यापलीकडे आहे, आम्ही दिशा बघूनच मारतो. शहरात बसून शेतकऱ्याला कायदा शिकवणं सोपं असतं. रानडुकरं पीक उकरतात तेव्हा कोणी येत नाही.

लोकमान्यनगरचे अण्णा
कायद्याचा विषय निघालाच आहे तर मलाही बोलायचंय. आमच्या घरात तीन हत्यारं होती. आजोबांची होळकरांच्या काळातली दुनळी, वडिलांची .३१५ आणि माझं रिव्हॉल्व्हर. सगळी माझ्या लायसनवर चढवलेली, एकही गोळी कधी वावगी सुटली नाही. २०१९ मध्ये कायदा बदलला, तीनाची मर्यादा दोनवर आली, जास्तीचं वर्षभरात जमा करा म्हणाले. वारसा म्हणून मिळालेल्यालाही सूट नाही. दुनळी द्यावी लागली. दस्त्यावर चांदीची पट्टी, तिच्यावर आजोबांचं नाव कोरलेलं. ज्या माणसाने ती ताब्यात घेतली, त्याने भिंतीला टेकवून ठेवली, नळीत कापूससुद्धा नाही घातला. तुम्ही पहिली कुठली घ्यावी याची चर्चा करताय, आमच्याकडून होती ती गेली.

सुदामानगरची वकील
अण्णा, वाईट वाटलं. पण मर्यादा दोनची होती, कुठली दोन ठेवायची ती निवड तुमची होती. रिव्हॉल्व्हर देऊन दुनळी ठेवता आली असती.

लोकमान्यनगरचे अण्णा
रिव्हॉल्व्हर देऊ? रात्रीबेरात्री बायपासवरून रोकड घेऊन मी येतो, तुम्ही नाही. आजोबांची आठवण आणि स्वतःचा जीव यांत निवड करायला लावणारा कायदा मला न्याय्य वाटत नाही. बस्स.

महूचा हवालदार (निवृत्त)
अण्णांशी सहमत. निवडणूक आली की आणखी एक. आचारसंहिता लागते आणि हत्यार ठाण्यात जमा करायचा निरोप येतो. माझ्या पुतण्याला ऐन स्पर्धेच्या तोंडावर आला. रायफल परत मिळाली तेव्हा बोल्टवर गंज.

राजेंद्रनगरकर
नेमबाजांना त्यातून सूट मिळते. रायफल असोसिएशनचं सदस्यत्व आणि स्पर्धेची कागदपत्रं घेऊन आधीच अर्ज करायचा. नामांकित नेमबाजांना तर २०२० च्या अधिसूचनेने दोनहून जास्त हत्यारांचीही मुभा आहे. म्हणूनच म्हणतो, रायफल घेण्याआधी क्लबात जा. नेमबाज म्हणून तुमची नोंद झाली की निम्मे कागद सोपे होतात.

लोकमान्यनगरचे अण्णा
म्हणजे पदक मिळवणाऱ्याला मुभा, आणि तीन पिढ्या जपून ठेवणाऱ्याला नाही. हे तुम्ही अभिमानाने सांगताय?

राजेंद्रनगरकर
अभिमानाने नाही अण्णा, माहिती म्हणून. दुनळीचं दुःख मलाही कळतं. पण धागा पहिल्या रायफलीचा आहे.

देपालपूरवाला
धागा तुमचाच, निर्णयही तुमचाच. शिवाय नेमबाजी हा काही आपल्या लोकांचा खेळ नाही, राजे-रजवाड्यांचा.

लोकमान्यनगरचे अण्णा
हे मात्र ऐकून घेणार नाही. देशाची रायफल असोसिएशन १९५१ साली उभी केली ती गणेश वासुदेव मावळणकरांनी. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, जन्म बडोद्याचा, मूळ घराणं रत्नागिरीकडचं. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही पोरं राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरतात. २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) ब्राँझ कोणी आणलं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने, रेल्वेतल्या टीसीने. राजवाडा कुठे आहे त्यात?

राजेंद्रनगरकर
आणि तेही .२२ वरच, हे लिहून ठेवा. आपल्या खरगोनच्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरही याच प्रकारातला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकलं तेव्हा कुसाळे आणि तोमर एकाच संघात होते.

आता वारा, हवालदारसाहेब. .२२ ची स्टँडर्ड गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास जाते, म्हणजे आवाजापेक्षा हळू. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा तिला १०० मीटरवरच दहा सेंटीमीटरच्या आसपास ढकलतो. ५० मीटरला झीरो केलेली, म्हणजे साइट त्या अंतराला जुळवलेली, रायफल २०० मीटरवर दीड मीटरभर खाली मारते. स्कोपचे क्लिक मोजणं, झेंडा वाचणं, मृगजळ वाचणं, सगळं यात येतं. फक्त त्यासाठी अर्धा किलोमीटर जागा लागत नाही.

देपालपूरवाला
मग हाय व्हेलॉसिटीची काडतुसं घ्यायची. वेग वाढला की वारा कमी लागतो, साधी गोष्ट.

महूचा हवालदार (निवृत्त)
नाही भाऊ, .२२ मध्ये उलटं होतं. आवाजाच्या वेगाच्या जरा वर सुटली की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि वारा जास्तच लागतो. म्हणून मॅचचं काडतूस हळू असतं. हे राजेंद्रनगरकरांच्या बाजूचं आहे हे मला कळतंय, पण खरं ते खरं.

मधुरा_विजयनगर
मूळ मतावर काल पहिला अंगठा माझाच होता. लायसनचा अर्ज अजून केलेला नाही. मग नेमकं करू काय? ३०० मीटर मारायचं स्वप्न सोडू का?

राजेंद्रनगरकर
अजिबात सोडू नका. आधी क्लबाची एअर रायफल, झोपून नाही, उभ्यानेच. चाप स्वच्छ सुटायला लागला की क्लबाची .२२ स्लिंग (हाताला ताणून बांधायचा पट्टा) बांधून प्रोनला, म्हणजे पालथं झोपून. स्वतःची घ्यायची वेळ आली की दस्ता तुमच्या मापाचा होतो का ते बघा. गालाची पट्टी वरखाली झाली पाहिजे, नाहीतर मान अवघडते आणि दर गोळीला डोळा वेगळ्या जागी येतो. बोअरच्या आकड्यापेक्षा हे महत्त्वाचं. मोठी बोअर तेव्हाच, जेव्हा ती चालवायला कायदेशीर रेंज हाताशी असेल.

महूचा हवालदार (निवृत्त)
एवढं मान्य, एका अटीवर. वर्षभरात पोरीला एकदा तरी मोठ्या रेंजच्या झेंड्यांसमोर उभी करा. गोळी नाही मारली तरी चालेल, वही घेऊन वारा लिहू दे.

मधुरा_विजयनगर
क्लब रविवारी किती वाजता उघडतो?

राजेंद्रनगरकर
सातला. आधार कार्ड आणि सपाट तळव्याचे बूट आणा.

लोकमान्यनगरचे अण्णा
मी दुनळीवर वेगळा धागा काढतोय. वकील ताई, तिथे या, माझं बोलणं संपलेलं नाही.