नव्या देशातला पहिला फॉल (पानगळीचा ऋतू): रात्रपाळी धरावी की आपल्या क्षेत्रातल्या नोकरीची वाट पाहावी?

रानजाई: ऑगस्टमध्ये पीआरवर (कायम राहण्याच्या परवान्यावर) कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागाला आलो. नवरा पुण्यात मेकॅनिकल डिझाइनमध्ये होता. इथे अर्ज चालू आहेत, आणि आता एजन्सीकडून विमानतळामागच्या वेअरहाऊसमधली रात्रपाळी चालून आलीये. माझं ठाम मत, घेऊ नये. रात्री अकरा ते सकाळी सात उभं राहून आलेला माणूस दिवसा झोपणार; मग रिक्रूटरचा फोन घेणार कोण? भरतीची गडबड आत्ताच असते, डिसेंबरच्या मध्यावर सगळं थंडावतं. पीआरच्या अर्जात, म्हणजे एक्स्प्रेस एन्ट्रीत, सुरुवातीच्या खर्चाची शिल्लक म्हणून सेटलमेंट फंड दाखवला तो याच दिवसांसाठी. लेकीची ज्युनिअर किंडरगार्टन (बालवाडी) सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीनंतर सुरू झालीये, अजून रोज गेटवर रडते. तिला बाबा जागा हवा.

घाटावरचा: ताई, असहमत. रुपयात साठवलेला पैसा डॉलरमध्ये भाडं भरताना किती भराभर विरघळतो, ते नोव्हेंबरात कळतं. त्यातच सगळ्यांचे स्नोबूट, जॅकेटं. शिवाय हिवाळ्यासाठी इथे सगळी घड्याळं एक तास मागे करतात, मग संध्याकाळी पाचलाच अंधार. अशा वेळी दिवसभर लॅपटॉपसमोर बसलेला माणूस आतून खचतो, चिडचिड बायकोमुलांवर निघते. दर आठवड्याला चार पैसे येत असले की मुलाखतीत आवाजही ठाम राहतो. आणि इथला सुपरवायझर रेफरन्सला मिळतो, हे वेगळंच.

पाटी_पेन्सिल: कसला रेफरन्स? खोकी उचलल्याचा? आपल्या या ओंटारियो प्रांताच्या इंजिनिअरिंग परवान्यासाठी लागणारी कॅनडातल्या अनुभवाची अट २०२३ मध्येच काढली. १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना जाहिरातीतही तशी अट घालता येत नाही. तेवढा वेळ परवान्याच्या कागदपत्रांना द्या. 'तात्पुरती' म्हणून धरलेली पाळी वर्षानुवर्षं सुटत नाही, अशी घरं माझ्या ओळखीत आहेत.

घाटावरचा: जाहिरातीतून अट गेली, मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून कशी जाणार?

सातारकर_काकू: मी मुलांकडून बोलते. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोघंही पाळ्यांवर. शेजारचे लोक शनिवारी मुलांना घेऊन अंगणातली मेपलची पानं रेकने ओढून कागदी पिशव्यांत भरायचे, त्या मंगळवारी गाडी न्यायची. माझा मुलगा खिडकीतून बघायचा. शेवटी शेजारच्या आजोबांनी त्याच्या हातात छोटा रेक दिला. पुढे त्यांच्याच घरी थँक्सगिव्हिंगचं जेवण झालं, आणि त्यांच्या मुलीने माझ्या यजमानांचा रिझ्युमे वाचून दोन पानांवर आणून दिला. दिवसा शेजारापाजाऱ्यांत दिसलात तर ओळखी होतात, आणि इथे नोकऱ्या बऱ्याचदा ओळखीनेच लागतात. म्हणून रात्रपाळीला माझाही नकार. पण घरी बसण्यालाही नकार!

घाटावरचा: काकू, पटलं, पण भाडं एक तारखेलाच जातं. मुलांसाठी सरकार पैसे देतं त्या चाइल्ड बेनिफिटचा अर्ज तरी केलाय का, रानजाई? पीआरवाल्यांना आल्याबरोबर करता येतो.

रानजाई: केलाय. काकूंचं शेवटचं वाक्य मात्र नवऱ्याला वाचून दाखवलं. रात्रपाळी नाहीच, त्यावर मी ठाम आहे. शनिवार-रविवारची दिवसपाळी मिळाली तर आठवड्याचे पाच दिवस अर्जांना आणि शाळेला मोकळे राहतील. तो उद्या एजन्सीला तसं विचारणार आहे. पण अशी पाळी नवख्याला देतात का? कुणाला मिळालीये?