आजोळ ग्रुप : गाण्यांच्या व्हिडिओंवरचा खटला

दादा: पुढच्या महिन्यात आपण सगळे जमणार आहोत, तेव्हा रविवारी व्हिडिओ कॉलवर खेळलेला गाण्यांच्या व्हिडिओंचा ‘खटला’, म्हणजे एखादा व्हिडिओ आरोपी म्हणून उभा करून त्यावर थट्टेने आरोप लावायचा खेळ, नीट तयारी करून पुन्हा खेळावा, असा आम्हा मुलांचा विचार आहे. मावशीने टोरांटोत असताना पाहिलेल्या ‘व्हिडिओ ऑन ट्रायल’ या कॅनेडियन कार्यक्रमावरून ही कल्पना सुचली. कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगावी.

मोठे मामा: माझी हरकत आहे. रविवारी तुम्ही लावलेला पहिलाच आरोप त्या गायिकेच्या कमरेच्या घेरावर होता. त्यानंतर आपली ताई पाणी आणायला म्हणून उठली, ती बराच वेळ परत आली नाही. तुम्हाला ते पडद्यावर दिसले नसेल, पण मी शेजारीच बसलो होतो. कोणीतरी जीव ओतून एखादी गोष्ट उभी करायची आणि पाच जणांनी बसल्या जागी तिची चिरफाड करायची, यात कसली करमणूक आहे हे मला समजत नाही.

मावशी: अण्णा, तुझी हरकत रास्त आहे, आणि ताईला लागले याचे मलाही फार वाईट वाटते. तरीही तो कार्यक्रम मी शिकत असताना नेमाने पाहिला आहे आणि आज व्हिडिओ संकलनाचे काम करते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ‘व्हिडिओ ऑन ट्रायल’ २००५ साली मचम्यूझिक या वाहिनीवर सुरू झाला आणि २०१४ पर्यंत चालला. अर्ध्या तासात साधारण पाच व्हिडिओ ‘आरोपी’ म्हणून उभे केले जात. पाच विनोदी कलाकार ज्युरीत असत. प्रत्येक जण स्वतंत्रपणे कॅमेऱ्याकडे बघून बोलताना दिसे आणि त्यांची वाक्ये व्हिडिओच्या तुकड्यांमध्ये अशी गुंफलेली असत की एकाने सुरू केलेली थट्टा दुसरा पुढे नेतो आहे असे वाटावे. संकलनाची खरी किमया मला तिथे पहिल्यांदा कळली. डेब्रा डिजिओव्हानी आणि ट्रेव्हर बोरिस यांच्यासारखे रंगमंचावर एकट्याने विनोद सादर करणारे कलाकार त्या ज्युरीत असत आणि शेवटी व्हिडिओला काहीतरी अतरंगी शिक्षा सुनावली जाई.

ही कल्पना त्यांनीच प्रथम काढली असे नाही. एमटीव्हीवर १९९३ पासून दोन कार्टून पोरे कोचावर बसून व्हिडिओंची टर उडवत होतीच. पण इथे एक संगीतवाहिनी स्वतःच दाखवलेल्या मालाची तपासणी करत होती, हे मला विशेष वाटे. मचम्यूझिक १९८४ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी, याच वाहिनीच्या पैशातून, कॅनेडियन कलाकारांना व्हिडिओ बनवण्यासाठी पैसे देणारा व्हिडिओफॅक्ट हा निधीही स्थापन झाला. म्हणजे ज्या घरातून व्हिडिओला पैसा मिळत होता, त्याच घरात त्याला कठोर शब्दही ऐकावे लागत होते. क्वीन स्ट्रीट वेस्टवरच्या त्यांच्या इमारतीचा स्टुडिओ रस्त्याच्या पातळीवर होता आणि मोठ्या काचांमधून आतले काम दिसत असे. कोपऱ्यावर ‘स्पीकर्स कॉर्नर’ची खोलीवजा पेटी होती, तिच्यात एक डॉलर टाकून कोणीही कॅमेऱ्यासमोर आपले म्हणणे मांडू शकत असे. मी एकदा त्या पेटीत उभी राहिले आहे. नाणे पडल्यावर काय बोलावे ते सुचेना आणि वेळ भराभर सरत गेला. कॅमेऱ्यासमोर उभे राहणाऱ्या माणसाबद्दल मला जी आस्था वाटते, तिची सुरुवात तिथे झाली.

आता तुझ्या मुद्द्याकडे येते. तो कार्यक्रम अनेकदा हद्द ओलांडत असे. कलाकाराचे वजन, चेहरा, दात यांवरचे शेरे मला तेव्हाही खटकत आणि आज तर ऐकवणार नाहीत. मात्र ज्युरी जेव्हा व्हिडिओतल्या निर्णयावर बोट ठेवी, म्हणजे वाळवंटात पियानो का, पावसात सगळ्यांचे कपडे ओले आणि नायकाचे केस कोरडे कसे, अशा गोष्टींवर, तेव्हा हसता हसता व्हिडिओ बघायला शिकल्यासारखे होई. निर्णय कोणीतरी घेतलेला असतो आणि तो वेगळा घेता आला असता, म्हणून त्यावर बोलणे न्याय्य आहे. देह कोणी निवडलेला नसतो. रविवारी कमरेवरच्या आरोपानंतर सगळे गप्प झाले, पण गायिकेचे केस वाऱ्याने उडताहेत आणि मागचे जाळीदार पडदे मात्र जागचे हलत नाहीत, हे दादाने चित्र थांबवून दाखवले, तेव्हा तूही हसलास, अण्णा.

मोठे मामा: पडद्यांचे निरीक्षण मला खरोखर आवडले, हे मान्य करतो.

धाकटे मामा: कायद्याच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, कारण ती मावशीच्या मुद्द्याला पूरक आहे. कॅनडाच्या कॉपीराइट कायद्यात समीक्षेसाठी मूळ कृतीचा वाजवी वापर करण्याची मुभा आधीपासून होती, मात्र त्यासाठी कृतीचा स्रोत आणि कर्त्याचे नाव सांगावे लागते. विडंबन आणि उपरोध यांचा समावेश २०१२ च्या दुरुस्तीने झाला. आपल्या घरगुती खेळाला यातले काही लागू नाही, पण ज्याच्यावर आरोप ठेवायचा त्याचे नाव घ्यावे, ही अट मला चांगली वाटते. दिग्दर्शक, छायालेखक, नृत्यदिग्दर्शक कोण हे आधी मोठ्याने वाचून दाखवावे.

ताई: मी रविवारी उठून गेले ते खरे आहे. मीही नाचाचे व्हिडिओ टाकते आणि त्यांखाली जे वाचायला मिळते तेच वाक्य घरात ऐकू आले, म्हणून मला तिथे बसवेना. खेळ बंद करावा असे मात्र मला वाटत नाही. मावशीच्या त्या कार्यक्रमात आरोप होते, ज्युरी होती, शिक्षाही होती, पण आरोपीचा वकील कुठे होता? आपल्या खेळात प्रत्येक व्हिडिओला एक वकील द्यावा आणि शरीरावरचा आरोप दाखलच करून घेऊ नये. मावशी, ते पडदे का हलत नव्हते हे तू सांगू शकशील का?

मावशी: त्या वेळी मी हाच विचार करत होते. बहुधा गायिकेचे चित्रण हिरव्या पडद्यासमोर, पंखा लावून झाले असावे आणि खोलीचे चित्र नंतर तिच्या मागे जोडले असावे. पंख्याचा वारा केसांपर्यंत पोचला, पण जाळीचे पडदे चित्रणाच्या जागी नव्हतेच. शिवाय केसांची प्रत्येक बट हिरव्यातून वेगळी काढणे हे फार किचकट काम असते आणि त्या व्हिडिओत ते इतके स्वच्छ झाले आहे की कडेला हिरवी झाक कुठेही दिसत नाही. पडदे चुकले, पण केस ज्याने जोडले त्याने अनेक रात्री जागवल्या असणार.

दादा: ताई, कमरेवरचा तो आरोप मी लावला होता. माझी चूक झाली, मनापासून माफी मागतो. नवे नियम आज लिहून काढतो.

मोठे मामा: मग पहिला खटला त्याच व्हिडिओवर ठेवा. केस जोडणाऱ्या माणसाचे नाव शोधून काढा, त्याच्या बाजूने मी उभा राहीन.