कोल्हापुरी ठेवू की परत करू?

मंडळी, मदत हवी आहे. बाबांसाठी ऑनलाइन कोल्हापुरी मागवली, 'हाताने शिवलेली, अस्सल चामड्याची' असं वाचून. माप अगदी बरोबर बसलंय, वेणी सुबक आहे, बाबांना आवडलीसुद्धा. पण तळ पाहून मन खट्टू झालं. कोल्हापुरीचे थर चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा नसतो. इथे कडेला नायलॉनचा दोरा दिसतोय आणि टाचेपाशी थर नुसते चिकटवलेत. नखाने ओढलं तरी फट पडते. आत पुठ्ठा असेल का, ही शंका जात नाहीये. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा वास ओळखीचा असतो. हिला फक्त गोंदाचा वास येतो. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचाही या जोडीवर कुठे उल्लेख नाही.

परत करायची मुदत रविवारपर्यंत आहे. कारागिराकडून टाच शिवून घेतली तर पावसाळ्यापर्यंत तरी टिकेल का? पण एकदा शिवली की दुकानदार परत घेणार नाही. न कापता आतला पुठ्ठा ओळखायची काही खूण आहे का? कोल्हापूर-निपाणीकडचं, या कामातलं कुणी असेल तर कृपया सांगा. तळाचे फोटो टाकते आहे.