राज्यांची ब्रीदवाक्यं: नेमका पाठ आणि अर्थ हवा आहे

शाईदौत
वाचनालयासाठी भिंतीवरचा तक्ता करायचाय. वर देशाचं ब्रीदवाक्य, खाली राज्यांची, शेजारी अर्थ. नेटवर एकाच श्लोकाचे तीन-तीन पाठ सापडतात, म्हणून जाणकारांना विचारतो:
१) महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेवरचा श्लोक म्हणजे महाराजांच्या राजमुद्रेचाच का?
२) प्रत्येक राज्याला स्वतःचं ब्रीदवाक्य असतंच का?
३) तक्त्याच्या माथ्यावर सिंहमुद्रा (भारताचं राजचिन्ह) छापली तर चालेल का?

अनुष्टुभ
पहिल्याचं उत्तर: तीन चरण तेच, तिसरा वेगळा.

महाराजांची मुद्रा: प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । साहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

शासनाची मुद्रा: प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते ॥

'शहाजीपुत्र शिवाजीची ही' याच्या जागी 'महाराष्ट्र राज्याची' आलं, आणि छंद कुठेही मोडला नाही. श्लोकाचा छंद अनुष्टुभ, त्याच्या चरणात अक्षरं आठ, पाचवं लघू, सहावं गुरू. 'म-हा-रा-ष्ट्र-स्य-रा-ज्य-स्य' मोजून बघा: पाचवं 'स्य' लघू, सहावं 'रा' गुरू. ज्याने कुणी हा बदल केला त्याचा कान पक्का होता.

अर्थ लिहिताना घोळ होतो तो 'राजते'पाशी. बरेच तक्ते 'राज्य करते' असं छापून मोकळे होतात. इथे राज् म्हणजे शोभणं, तळपणं. 'भद्राय' ही चतुर्थी, म्हणजे कल्याणासाठी. सरळ मराठीत: 'प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदिलेली ही मुद्रा लोककल्याणासाठी शोभते आहे.' 'वर्धिष्णु' गाळू नका. प्रतिपदेची कोर डोळ्यांना जेमतेम दिसते, त्यामुळे तो शब्द नसेल तर उपमाच लंगडी पडते.

छापताना या चुका हटकून होतात:
'प्रतिपश्चंद्र' चूक. प्रतिपत् + चंद्र, त् पुढे च आला की च्च.
'वर्धिष्णू विश्ववंदिता' चूक. विसर्गाचा र् होतो आणि तो पुढच्या 'वि'वर रफार म्हणून बसतो.
'सुनोः' चूक. सूनु (मुलगा) या शब्दाची षष्ठी, सू दीर्घ. 'साह' आणि 'शाह' दोन्ही छापलेलं दिसतं, पण एका तक्त्यात एकच ठेवा.

मोडीवाचक
वर +१. एवढंच जोडतो की महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे, शासनाची गोल, मधे समई. चित्र एकीचं आणि श्लोक दुसरीचा, अशी सरमिसळ भेटवस्तूंवर सर्रास दिसते. पत्राच्या शेवटी उमटवायची 'मर्यादेयं विराजते' ही वेगळी मुद्रा, म्हणजे मजकूर इथे संपला. तिच्यापुढे कुणी ओळ घुसडली तर लगेच कळावं, हा तिचा उपयोग. काही जण ती श्लोकाचा पाचवा चरण समजून खाली जोडतात.

सीमोल्लंघन
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. बऱ्याच राज्यांचं काम 'सत्यमेव जयते'वरच भागतं. कर्नाटकाच्या चिन्हात गंडभेरुंड (दोन डोक्यांचा पक्षी) स्वतःचा, पण शब्द देशाचेच. वेगळे शब्द असलेल्यांपैकी खात्रीने घेता येतील अशी ही:

गोवा: 'सर्वे भद्राणि पश्यन्तु मा कश्चिद् दुःखमाप्नुयात्'. सर्वांना चांगलंच पाहायला मिळो, कुणाच्याही वाट्याला दुःख न येवो.
तमिळनाडू: 'वाय्मैये वेल्लुम्', चिन्हात देवळाचं गोपुर. अर्थाने 'सत्यमेव जयते'च, फक्त तमिळमध्ये. 'वाय्मैये'च्या शेवटचा 'ए' आपल्या 'सत्यच'मधल्या 'च'चं काम करतो.
सिक्कीम: 'खाम-सुम-वांगदू', तिन्ही लोक जिंकणारा. हे चिन्ह जुन्या राजघराण्याकडून आलेलं.
नागालँड: इंग्रजीतला एकच शब्द, 'युनिटी'. एकी.

खात्यांची आणि संस्थांची वाक्यं या यादीत घेऊ नका, तक्ता फुगेल. 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' महाराष्ट्र पोलिसांचं, राज्याचं नव्हे. 'यतो धर्मस्ततो जयः' सर्वोच्च न्यायालयाचं आणि मुंबई महापालिकेचंही, त्यामुळे स्पर्धा परीक्षावाले तिथे हमखास अडकतात.

कलम_सात
तिसऱ्यावर: माथ्यावर सिंहमुद्रा नको. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, त्याची नियमावली २००७ ची. हा कागद सरकारी आहे असा समज होईल अशा रीतीने चिन्ह वापरण्याला त्यात मनाई आहे, आणि माथ्याच्या मधोमध छापलं की नेमका तोच समज होतो. मूळ कायद्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्य सरकारांच्या मुद्रांसाठी १९५० चा वेगळा कायदा आहे, तो व्यापारी वापर अडवतो. २००५ चा कायदा चिन्हापुरता आहे, १९५० चा चिन्हांसोबत नावांनाही लागू होतो. तुमचा विषय शब्दांचा, तेव्हा नुसते शब्द छापा.

चिन्हाचं वर्णन द्यायचं असेल तर: समोरून तीन सिंह दिसतात, खालच्या पट्टीवर मधे धर्मचक्र, उजवीकडे बैल, डावीकडे दौडता घोडा. पट्टीखाली देवनागरीत 'सत्यमेव जयते'. ही ओळ चिन्हाचाच भाग आहे, ती गाळलेलं चिन्ह अपुरं. सारनाथच्या मूळ स्तंभशीर्षावर मात्र ती नाही. ती मुंडकोपनिषदातली (३.१.६), २६ जानेवारी १९५० ला चिन्हासोबत स्वीकारलेली.

शाईदौत
सर्वांचे आभार, माथा कोराच ठेवतो. 'जयते' की 'जयति'? व्याकरणाच्या पुस्तकात जि धातू परस्मैपदी (म्हणजे 'ते' नव्हे, 'ति' प्रत्यय घेणारा) दिलाय.

अनुष्टुभ
पुस्तक बरोबर आहे, पाणिनीय नियमाने 'जयति'च. पण उपनिषदाच्या भाषेत असे प्रयोग चालतात, आणि राजचिन्हावर 'जयते' आहे. तक्त्यावर तेच ठेवा, दुरुस्त करायला जाऊ नका. अर्थाच्या जागी 'सत्याचाच विजय होतो' असं लिहा, 'एव'चा 'च' सुटायला नको. जागा असेल तर पुढचं 'नानृतम्'ही घ्या: असत्याचा नाही.

आणि श्लोक जुन्या डीटीपी फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला असेल तर 'र्वि' आणि 'च्च' डोळ्यांनी तपासा. रफार एक अक्षर मागेपुढे सरकतो आणि 'वर्धिष्णुर्विश्व'चं 'वर्धिष्णुविर्श्व' होऊन बसतं. ओळ तोडायची तर चरणावरच तोडा, 'वर्धिष्णुर्-' असा तुकडा ओळीच्या शेवटी लोंबता ठेवू नका.